क्लेमने पुरलेली कोंबडी

क्लेम ट्रेगेन्झाचं ठाम मत होतं, की हल्लीच्या किटल्या पूर्वीसारखी शिट्टी वाजवत नाहीत. कंपन्या काटकसर करतात आणि कसली तरी कुचकामी शिट्टी बसवून देतात. त्याची बायको एल्वा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत असली, तरी तिला तिथे ती शिट्टी ऐकू येई. ती हातातली चादर टाकून धावत आत येई, गॅस बंद करी आणि किटलीच्या शेजारीच पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याकडे बघत राही. क्लेम पेपरातून डोकं वर काढून विचारी, "झाला का चहा?" आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

कुंपणावरचे ते चिमुकले निळे रेन पक्षीही मुके झालेत, असं त्याचं म्हणणं होतं. हवा बदलली म्हणे. पक्षी बिचारे त्याच्या नाकासमोर चोच वासून गात असत.

शेवटी एल्वा त्याला बेंडिगोला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तपासून सांगितलं, की जाडेभरडे आवाज ह्यांना नीट ऐकू येतात, बारीक आवाज पार गेलेत, दोन्ही कानांत यंत्र घालायला हवं. घर आल्यावर गाडीतून उतरता उतरता क्लेम म्हणाला, "मशीन घ्यायचंच आहे ना? मग मी उपयोगाचं मशीन घेतो." आणि कानासाठी बाजूला काढलेल्या पैशांत त्याने सोनं शोधायचं नवंकोरं मशीन आणलं. एल्वा त्यानंतर दोन जेवणं अबोल होती. तिसऱ्या जेवणाला तिने मेंढीचं भाजलेलं मटण केलं होतं, आणि "मीठ दे" म्हणायला तिला बोलावंच लागलं.

क्लेमने उभा जन्म टिनपॉट क्रीकच्या शाळेची बस चालवली. गावातल्या निम्म्या लोकांना त्याने लहानपणी मागच्या बाकावरून पुढे आणून बसवलेलं. निवृत्त झाल्यावर तो पूर्णवेळ सोन्याच्या मागे लागला, पण त्यात नवल काहीच नव्हतं, कारण तिथले सगळेच लागतात. जुन्या खाणवाल्यांनी उकरून ठेवलेलं ते रान, त्यातले खड्डे, मातीचे ढीग आणि आयर्नबार्कची काळी झाडं. सुट्टीच्या दिवशी गावातली निम्मी माणसं कानाला हेडफोन लावून त्या रानात फिरतात. हातातल्या दांड्याच्या टोकाची गोल थाळी जमिनीवरून झाडू मारल्यासारखी फिरवत राहतात. थाळीखाली धातू असला की कानात आवाज येतो, मग खणायचं. बहुतेक वेळा निघतो तो बंदुकीचा छर्रा.

आणि ह्या बाबतीत गावाची एक रीत आहे. "काही मिळालं का?" असं कुणी विचारलं, की उत्तर एकच द्यायचं. "छर्रे." खिशात मुठीएवढं सोनं असलं तरी छर्रे. पाद्रीबाबासुद्धा हेच सांगतात. ह्याला तिथे कुणी खोटं बोलणं म्हणत नाही. कुठे मिळालं हे तर माणूस मरतानाही सांगत नाही, सांगितलंच तर भलत्या दिशेला बोट दाखवून जातो.

क्लेमच्या घरात सोन्याचा एकच खडा होता. बाकी जे काही वर्षानुवर्षं मिळालं ते विकून कधी छप्पर झालं, कधी गाडीचा क्लच. हा एक मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीत, उकडलेलं अंडं ठेवायच्या छोट्या पेल्यात बसलेला असे. अंगठ्याच्या पेराएवढा, पुढे टोकदार, मागे फुगीर. अगदी अंड्यावर बसलेली कोंबडी. घरात त्याला कोंबडीच म्हणत. गावात कुणाला ती कोंबडी दाखवली गेली नाही असं नव्हतंच. आणि दाखवताना एल्वा दर वेळी सांगे, "मी आयुष्यात पहिल्यांदा मशीन हातात घेतलं आणि पहिल्याच फेरीत ही लागली. ह्यांच्या खानदानात कुणाला असं नशीब नाही." ती हे सांगायला लागली की क्लेम चहाच्या कपात बघत बसे.

कारण कोंबडी एल्वाला लागलीच नव्हती. ती क्लेमला लागली होती.

पहिली मशीनं गावात आली आणि लोक वेड्यासारखे रानात धावले, त्या वर्षीची गोष्ट. क्लेम तेव्हा ऐन तरणा आणि कमालीचा लाजाळू. त्याला त्याचा पहिला खडा मिळाला आणि त्याने रीतीप्रमाणे सगळ्यांना सांगितलं, छर्रे. घरी आणून त्याने तो दात घासायच्या ब्रशने आणि पेस्टने घासघासून लखलखीत केला आणि शर्टाच्या खिशात घालून फिरायला लागला. एल्वा तेव्हा मेरीबरोच्या बेकरीत गल्ल्यावर बसायची. खडा तिला द्यायचा हे त्याने ठरवलं होतं. पण बेकरीत गेला की तोंडातून शब्द निघत तेवढेच, "एक पाव." घरात पाव शिळे व्हायला लागले, आई ओरडायला लागली. तेव्हा त्याने शक्कल काढली. एका रविवारी खडा रानात आयर्नबार्कच्या बुंध्याशी पुरला, एल्वाला फिरायला नेलं, मशीन तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "इथे जरा फिरवून बघ." ती अशी काही आनंदाने ओरडली, की झाडावरचे पक्षी उडाले. पुढच्या वसंतात लग्न झालं. खरं काय ते सांगायचं त्याने मनात हजारदा आणलं. पण तिचं ते पहिल्याच फेरीतलं नशीब तिच्याकडून काढून घेणारा आपण कोण, असं वाटून दर वेळी गप्प बसला.

तर नवं मशीन आलं. शेजारचा विल्फ पॅस्को कुंपणावर कोपरं टेकून बघायला उभा राहिला. विल्फचं मशीन जुनाट, जागोजाग काळी पट्टी गुंडाळलेलं, आणि जीभ मात्र रोज धार लावलेली.

"छान आहे," विल्फ म्हणाला. "रंग छान आहे."

"कोपरभर खोल असलेला खडासुद्धा सांगतं हे," क्लेम म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"पुस्तकात लिहिलंय, बरोबर आलेल्या."

"माझ्या टोस्टरच्या पुस्तकात लिहिलंय की तो पाव जाळत नाही," विल्फ म्हणाला. "एल्वा कानाचं मशीन आण म्हणाली, तर तू हे आणलंस. आता हे ऐकणार, की तू?"

हे क्लेमला लागलं. एल्वा बॅलॅरटला बहिणीकडे गेली होती. बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, शुक्रवारी संध्याकाळी एल्वा परतणार होती. घरात एकटा क्लेम आणि खिडकीत कोंबडी. मशीनची परीक्षा घ्यायची तर खरं सोनंच पुरायला हवं, आणि खरं सोनं घरात तेवढंच. काढायचं, पुरायचं, मशीनने शोधायचं, धुऊन परत पेल्यात. एल्वाला कळणारही नाही. विल्फचं तोंड तेवढं बंद होईल.

जागा त्याने विचार करून निवडली. गावाचं फुटबॉलचं मैदान. संघ शेजारच्या गावाच्या संघात विलीन झाल्यापासून तिथे कुणी फिरकत नाही, किल्ली क्लेमच्याच खुंटीला असते. आणि मुख्य म्हणजे तिथे सोन्याचा कणही नाही, हे अख्ख्या गावाला माहीत. म्हणजे भलते आवाज येणार नाहीत. त्याने कोपरापर्यंत हात जाईल एवढा खड्डा खणला, कोंबडी तळाला ठेवली, माती दाबली, वर गवताचा तुकडा बसवला आणि शेजारी एक पिवळी खुंटी ठोकली.

आणि इथे त्याने ती चूक केली, जी सोनं शोधणाऱ्याशिवाय दुसरा कुणी करणार नाही. त्याने लगेच शोधलं नाही. ताज्या पुरलेल्या सोन्याचा आवाज खोटा येतो, माती बसू द्यावी, तिच्यात दव मुरू द्यावं, मगच परीक्षा खरी, असं तिथली जुनी माणसं मानतात. विल्फ तर नक्की म्हणाला असता, की ताज्या मातीत माझा टोस्टरसुद्धा सोनं शोधेल. म्हणून क्लेम कोंबडीला रात्रभर मातीत ठेवून घरी येऊन शांत झोपला.

सकाळी मैदानाचं फाटक उघडलं आणि त्याचे पाय जागीच थांबले. मैदानभर पांढरे काकाकुवे. शे-दोनशे तरी असतील. गवताखालचे गोड कंद खायला उतरले होते आणि सगळं मैदान चोचींनी उकरून ठेवलं होतं. पिवळी खुंटी गोलपोस्टच्या टोकावर एका काकाकुव्याच्या पायात होती. तो ती चघळत होता. क्लेमने आरडाओरडा केला, टोपी फेकली, तसा तो खुंटी टाकून उडाला. खुंटी मिळाली. पण नुसत्या खुंटीला घेऊन काय चाटायचंय? आता मैदानात जिकडे बघावं तिकडे ताजी उकरलेली माती होती.

"हरकत नाही," क्लेम स्वतःशीच म्हणाला. "मशीन कशाला आणलंय?"

उत्तरेकडच्या गोलपोस्टपाशी पुरलं होतं एवढं त्याला पक्कं आठवत होतं. तिथून त्याने सुरुवात केली. हेडफोन लावले, थाळी फिरवायला लागला. मशीन गप्प. पुन्हा फिरवली. गप्प. मग बाजूला सरकला, तिथे आवाज आला, खणलं तर बाटलीचं झाकण. पुढे बुटाचा खिळा. पुढे एक जुनं नाणं. दर वेळी त्याने खड्डा बुजवून वर पाय दाबला, कारण खड्डा उघडा टाकणाऱ्याला तिथे माणसात धरत नाहीत. दहा वाजेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता.

पोस्टाचं दुकान चालवणारी ग्लेनिस कुत्र्याला घेऊन कुंपणाशी आली.

"क्लेम, काही मिळालं का?"

आणि क्लेमच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "छर्रे."

तो शब्द बाहेर पडताक्षणी त्याला कळलं की आपण घात केला. फुटबॉलच्या मैदानात छर्रे कुठून येणार? तिथे आजवर कुणी बंदूक चालवली नव्हती, अगदी पंचावरसुद्धा नाही. ग्लेनिसने काही न बोलता कुत्र्याला वळवलं आणि एवढ्या लगबगीने दुकानाकडे निघाली, की कुत्रं फरफटत गेलं. दुकानात फोन आहे.

अर्ध्या तासात विल्फ आला. पट्ट्या गुंडाळलेलं मशीन खांद्यावर, डबा हातात. दिवसभराच्या तयारीने.

"सकाळ छान आहे," विल्फ म्हणाला.

"विल्फ, इथे काही नाही."

"नाहीच आहे. म्हणूनच आलोय. शांत जागा मिळत नाही कुठे."

मागून हॅनिगन बंधू आले. मग पबची मालकीण, मग चक्क पाद्रीबाबा, बुटांत पँट खोचून. क्लेमने पाहिलं, की आता रीत सोडून खरं सांगण्यावाचून इलाज नाही. तो मधोमध उभा राहिला आणि सगळं सांगितलं. मशीन कसं आणलं, एल्वाची कोंबडी कशी पुरली, दव का मुरू दिलं, काकाकुव्याने खुंटी कशी नेली. सगळ्यांनी थाळ्या थांबवून मन लावून ऐकलं.

"वा," विल्फ म्हणाला. "मानलं तुला. मी इतकी वर्षं नुसतं छर्रे म्हणतोय. काकाकुवा मला सुचला नसता."

"अरे लेका, खरं सांगतोय मी!"

"आणि पायात खुंटी," थोरला हॅनिगन कौतुकाने म्हणाला. "ही खुंटी फार छान घातलीस."

पाद्रीबाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मायेने दाबला आणि ते आपली थाळी घेऊन दक्षिणेकडे निघून गेले.

दुपारनंतर अनोळखी गाड्या यायला लागल्या. क्लेमला विल्फची किंवा हॅनिगनांची भीती नव्हती. त्यांना कोंबडी मिळाली असती तर त्यांनी ती ओळखली असती, आणि जन्मभर त्याला चिडवून का होईना, परत दिली असती. शिवाय त्यांची जुनी मशीनं कोपरभर खोल पोचणारच नव्हती. पण परक्या माणसाने काढली तर? तो ती गुपचूप खिशात घालणार आणि विचारलं तर म्हणणार, छर्रे. रीतच ती. मग ती कोंबडी मेलबर्नच्या कुठल्या तरी दुकानात वितळवली जाणार, आणि एल्वा शुक्रवारी घरात पाऊल टाकल्या टाकल्या खिडकीकडे बघणार. बॅगसुद्धा खाली ठेवायच्या आधी तिची नजर तिकडेच जाते.

तेवढ्यात निळ्या व्हॅनमधून एक तरणी मुलगी उतरली. तिच्या हातात क्लेमच्यासारखंच नवंकोरं मशीन होतं. तिने मैदानावर नजर टाकली, दक्षिणेच्या टोकाला गेली आणि पट्टा पट्टा आखून, शेत कापावं तशी शिस्तीत उत्तरेकडे सरकायला लागली. तिचं मशीन तेच, आणि गुडघे मात्र विशीचे. क्लेम लंगडत तिच्यापाशी गेला. सकाळपासून उठबस करून गुडघा ठणकत होता.

"हे बघ पोरी, इथे एकच खडा आहे आणि तो माझ्या बायकोचा आहे. मीच पुरलाय."

मुलीने एका कानावरचा हेडफोन बाजूला करून सगळं ऐकून घेतलं. "किती गोड आजोबा," ती म्हणाली. "माझे आजोबासुद्धा अशाच गोष्टी सांगायचे. ते पण सोनंच शोधायचे." आणि तिने पुढचा पट्टा धरला.

क्लेम परत गोलपोस्टपाशी आला आणि त्याच त्या जागेवर पुन्हा पुन्हा थाळी फिरवत राहिला. मशीन दगडासारखं गप्प. त्याला आता मशीनचा राग येईना. स्वतःचाच आला. कानाचे पैसे घालून मुकं खेळणं आणलं, आणि त्याच्यापायी एल्वाची एकुलती एक मिरवायची गोष्ट मातीत घातली. आयर्नबार्कखाली ओरडलेली एल्वा त्याला दिसायला लागली आणि डोळे भरून आले. त्याने ते बाहीने पुसले आणि घाम आल्यासारखं दाखवलं.

कुंपणाबाहेर एक छोटी लाल गाडी येऊन थांबली. ती गाडी त्याने हजार गाड्यांत ओळखली असती. शुक्रवार अजून उजाडायचा होता. ग्लेनिसने बॅलॅरटलाही फोन केला होता, तुझ्या क्लेमला मैदानात घबाड मिळालंय आणि तो कसली तरी काकाकुव्याची गोष्ट सांगतोय म्हणून. एल्वा आधी घरी जाऊन आली होती. तिच्या हातात अंड्याचा रिकामा पेला होता.

ती सरळ मैदान ओलांडून आली. लोक बाजूला झाले.

"कुठे आहे?" ती म्हणाली. क्लेमशी बोलताना तिला आवाज चढवावाच लागतो, त्यामुळे हे सगळ्यांनी ऐकलं.

"इथेच कुठे तरी," क्लेम म्हणाला. "एल्वा, मी पुरली. मशीन तपासायला. दव मुरू दिलं आणि काकाकुव्याने—"

"खुंटी नेली. ग्लेनिसने सांगितलं. ती हसत होती. मी नाही हसले."

"तुला खरं वाटलं?"

"एवढा मूर्खपणा बनवून सांगता येत नाही," एल्वा म्हणाली.

तेव्हा कुठे विल्फने हळूच थाळी जमिनीवर टेकवली. हॅनिगन बंधूंनी एकमेकांकडे पाहिलं. ती मुलगी आता अगदी जवळच्या पट्ट्यात आली होती, तीही थांबली.

"खड्डा खणून झाल्यावर उठलास कसा?" एल्वाने विचारलं.

"म्हणजे?"

"ह्या गुडघ्याने तू काही धरल्याशिवाय उठत नाहीस. काय धरलंस?"

क्लेमने आठवून बघितलं. "गोलपोस्ट. डावा. पण तिथे मी सकाळपासून बघतोय गं, तिथे काही नाही. मशीनच बिघडलंय."

"आण इकडे."

तिने त्याचे हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावले, दांडा हातात घेतला, डाव्या पोस्टपाशी जाऊन थाळी फिरवली. एकदाच. आणि थांबली. पुन्हा तेवढ्याच जागेवरून हळू नेली. तिचा चेहरा बदलला.

"वाजतंय," ती म्हणाली. "अगदी बारीक. किटलीसारखं."

क्लेमने हेडफोन घेऊन कानाला लावले. एल्वाने थाळी फिरवली. त्याने डोळे मिटले, श्वास धरला. काही नाही. त्या मुलीने हात पुढे केला, हेडफोन लावले आणि लगेच मान डोलावली. "स्पष्ट येतंय, आजोबा," ती म्हणाली. ह्या वेळी तिच्या बोलण्यात कौतुक नव्हतं, हळहळ होती.

म्हणजे मशीन सकाळपासून ओरडत होतं. पहिल्याच फेरीत त्याने सांगितलं होतं, आणि नंतर शंभरदा. किटल्याही ओरडत होत्या, पक्षीही गात होते. क्लेमला हे सगळं एकदम कळलं आणि तो पोस्टला धरून उभा राहिला. विल्फला हीच संधी होती. पण विल्फने आपली कुदळ उचलली आणि त्या जागी खणायला लागला. कोपरभर खोल गेल्यावर गुडघ्यांवर बसून त्याने हात आत घातला आणि मातीचं एक ढेकूळ काढून एल्वाच्या हातात दिलं.

एल्वाने ते अंगठ्याने पुसलं. चोच दिसली, मग शेपूट. पंखांच्या खाचांत तांबडी चिकणमाती घट्ट बसली होती. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"आत्ता दिसतेय जमिनीतून निघाल्यासारखी," ती पुटपुटली.

क्लेमने कानामागे हात धरला. "काय म्हणालीस?"

एल्वाने आवाज चढवला. बेकरीत मागच्या भट्टीपर्यंत जायचा तो आवाज. "म्हटलं, पहिल्या वेळी हिच्यावर मातीचा कण नव्हता! आणि पुदिन्याच्या टूथपेस्टचा वास येत होता!"

मैदानात पान हललं तरी ऐकू आलं असतं. अर्थात क्लेमला सोडून. पण हे त्याला नीट ऐकू आलं होतं. त्याचे कान लालबुंद झाले.

"तुला माहीत होतं?"

"माझे आजोबा खाणीत राबले, बाप खाणीत राबला. धुतलेला खडा मला कळणार नाही?"

"मग ओरडलीस कशी एवढी?"

"आनंद झाला म्हणून ओरडले."

"आणि इतकी वर्षं सगळ्यांना सांगत होतीस ते, पहिल्याच फेरीत—"

"तू कधी तरी मध्येच म्हणशील, गप गं, मीच पुरला होता. म्हणून सांगायचे. दर वेळी तुझ्याकडे बघायचे आणि तू आपला कपात तोंड घालून बसायचास." तिने कोंबडी पेल्यात ठेवली. "ह्या गावात सख्ख्या भावाला कुणी सोन्याची दिशा सांगत नाही. आणि हा येडा आपला पहिलावहिला खडा परत मातीत घालतो आणि माझ्या हातात मशीन देतो. तेव्हाच ठरवलं मी, की आता लग्नाचं ह्याने विचारलं नाही तर मीच विचारायचं."

पाद्रीबाबांनी टोपी काढली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. विल्फने नाक शिंकरलं आणि धुळीला शिवी दिली.

"विल्फ, खड्डा बूज," एल्वा म्हणाली. "सगळ्यांनीच बुजवा. मैदानाचं काय करून ठेवलंय."

सगळे वाकले आणि मुकाट्याने माती लोटायला लागले. क्लेमने मशीन उचललं. एल्वाने ते त्याच्या हातून काढून घेतलं.

"मशीन चांगलं आहे," ती म्हणाली. "हे मी वापरीन. तुझं बेंडिगोला मिळतं. सोमवारी जायचं."

"पैसे?"

"ते माझं मी बघते. कोंबडी न विकता."

क्लेमने मान डोलावली. ह्या वेळी त्याने कंपन्यांना, हवेला, कुणालाच दोष दिला नाही. दोघं फाटकाकडे निघाली. तो लंगडत, ती मशीन खांद्यावर घेऊन. फाटकापाशी एल्वाने त्याच्या बाहीवरची माती झटकली आणि अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखं काहीतरी म्हणाली.

एरवी क्लेमने "हो ना" म्हटलं असतं. तसंच म्हणून त्याने कित्येक वर्षं काढली होती. आज तो थांबला.

"मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "परत सांग."

एल्वाने त्याच्याकडे पाहिलं. मागे सगळं गाव मातीचे ढीग लोटत होतं, आणि प्रत्येकाचे कान इकडेच लागले होते.

"सोमवारी सांगते," ती मोठ्याने म्हणाली आणि गाडीचं दार उघडलं.